फुरसुंगीचा बनेश आणि क्वार्टर्समधली मुले

गेल्या नाताळात आम्ही सारी भावंडे चिंचवडला दादाच्या घरी जमलो होतो. जेवणे आटोपली, मुले आपापल्या मोबाइलमध्ये बुडाली आणि पन्नाशी गाठलेल्या मंडळींच्या गप्पा नेहमीच्या वळणावर आल्या. ‘आमच्या वेळचं दूरदर्शन’ हे ते वळण. कोणी ‘चिमणराव’ची आठवण काढली, कोणी ‘मालगुडी डेज’ची. ‘साप्ताहिकी’ पाहताना वहीच्या मागच्या पानावर पुढच्या आठवड्याचे कार्यक्रम टिपून ठेवणारी आमची आई सर्वांनाच आठवली. आणि मग, कोणी कोणाला खूण न करता, दादा आणि त्याचा एक शाळासोबती यांच्या तोंडून एकाच वेळी तो आवाज निघाला : ट्टॉक! दादाच्या धाकट्या मुलीने मान वर करून विचारले, “हे काय होतं?”

या साध्या प्रश्नाला आम्ही जी उत्तरे दिली ती ऐकून मी चकित झाले. सगळे एकाच मालिकेविषयी बोलत होते. परंतु प्रत्येकाची मालिका निराळी होती. एकाला जे दृश्य लख्ख आठवत होते ते दुसऱ्याने कधी पाहिलेच नव्हते. वाद इतका रंगला की शेवटी वहिनीने चहा आणून तो मिटवला. माझ्या मनातून मात्र तो मिटला नाही. बालपणीच्या एका अल्पायुषी मालिकेवर आपण इतके प्रेम करतो ते नेमके कशावर, हा प्रश्न घेऊन मी घरी आले, आणि प्रस्तुत लेखात त्याचाच थोडा मागोवा घेण्याचा प्रयत्न आहे.

‘फास्टर फेणे’ हा मराठी बालवाङ्मयातील बहुधा सर्वांत लाडका नायक. भास्कर रामचंद्र भागवत (१९१०–२००१) यांनी तो निर्माण केला. ज्यूल व्हर्नच्या अद्भुत कादंबऱ्या मराठीत आणणारे, ‘बालमित्र’ मासिक चालवणारे हे भा. रा. भागवत मुलांसाठी लिहिणे ही दुय्यम गोष्ट मानीत नसत. त्यांचा बनेश फेणे हडपसरच्या पुढच्या फुरसुंगी गावचा. तो पुण्याच्या विद्याभवन शाळेत शिकायला येतो, आणि पाहता पाहता बनेशचा ‘फास्टर’ होतो. काटकुळा देह, सायकलचे वेड, नसत्या भानगडीत नाक खुपसण्याची खोड आणि काही विलक्षण दिसले की टाळूवर जीभ आपटून काढलेला तो ‘ट्टॉक’. वीसच्या घरात पुस्तके झाली. प्रतापगडापासून काश्मीरपर्यंत हा मुलगा हिंडला, आणि हिंडूनही फुरसुंगीचाच राहिला.

ऐंशीच्या दशकात मुंबई दूरदर्शनने या कथांवर मराठी मालिका केली. फेणे झाला होता सुमीत राघवन. हाच मुलगा पुढे ‘महाभारत’ मालिकेत बालसुदामा म्हणून दिसला आणि मोठेपणी ‘साराभाई व्हर्सेस साराभाई’मुळे घराघरांत पोहोचला. मालिका थोड्याच काळात संपली. ज्या दशकात ‘हम लोग’ १५६ भाग चालली आणि ‘रामायणा’ने दीड वर्ष रविवारची सकाळ ताब्यात ठेवली, त्या दशकात एका मराठी बालमालिकेचे येणे-जाणे इतरांच्या लक्षातही आले नसेल. आमच्या लक्षात राहिले. का, ते समजण्यासाठी आम्ही ती कोठे बसून पाहिली ते आधी सांगितले पाहिजे.

पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका १९८२ साली झाली. त्याआधी तेथे नगरपालिका होती आणि त्याच्याही आधी केवळ गावे. १९५४ साली स्थापन झालेली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स, साठच्या दशकातील टेल्को आणि बजाज, मग औद्योगिक विकास महामंडळाच्या वसाहती. या कारखान्यांच्या मागोमाग माणसे आली. आमचे वडील त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्यातून आले. आमच्या मजल्यावर सांगलीकडचे एक कुटुंब होते, समोर वसईचे, खाली केरळातले. प्रत्येकाचे ‘गाव’ दुसरीकडे होते. मे महिन्याच्या सुट्टीत सगळी बिऱ्हाडे आपापल्या गावी निघून जात आणि इमारत ओस पडे. आम्हा मुलांना कोणी “कुठली गं तू?” असे विचारले की आम्ही अडखळत असू. पिंपरी हे उत्तर पुरेसे वाटत नसे, आणि गावाचे नाव सांगावे तर तेथे आम्ही वर्षाकाठी तीन आठवड्यांचे पाहुणे.

दूरचित्रवाणी संच एकाच घरी होता. त्याला लाकडी दारे होती. कार्यक्रम संपला की ती लावून वर क्रोशाचा रुमाल टाकला जाई. सिंहगडावरच्या मनोऱ्यावरून मुंबई केंद्राचे प्रक्षेपण आमच्यापर्यंत पोहोचे, पण वारा सुटला की चित्रात मुंग्या येत. मग एकाने गच्चीवर जाऊन अँटेना फिरवायचा, दुसऱ्याने जिन्यात उभे राहायचे आणि तिसऱ्याने खिडकीतून ओरडायचे, “आलं! गेलं! थोडं मागं!” आमच्या आईची अट वेगळी होती. संध्याकाळची जपमाळ पुरी झाल्याशिवाय कोणी उंबरठा ओलांडायचा नाही. मालिका असेल त्या दिवशी आमची माळ संशयास्पद वेगाने पुढे सरके, आणि आई मध्येच थांबून दादाकडे पाही. त्यालाही घरात ‘फास्टर’ हेच नाव पडले होते, हे ओघाने आलेच.

या मुलांना फेणे एवढा जवळचा का वाटला? माझ्या मते याचे उत्तर त्याच्या साहसात नाही, त्याच्या पत्त्यात आहे. आमच्यापैकी ज्यांना कॉन्व्हेंट शाळेच्या ग्रंथालयाचा लाभ होता त्यांनी एनिड ब्लायटन वाचली होती. दीपस्तंभ, गुप्त भुयारे, पाण्याने वेढलेली बेटे, सहलीला नेलेल्या खाऊच्या टोपल्या. ते सारे मोहक होते, परंतु ते घडायला समुद्रकिनाऱ्यावरचे इंग्लंड लागत असे. साहस ही दुसऱ्यांच्या देशात घडणारी गोष्ट आहे, असे आमच्या मनाने नकळत ठरवून टाकले होते. आणि अचानक एक मुलगा दिसू लागला, जो लोकलने किंवा एस.टी.ने जाता येईल अशा गावचा होता. त्याचे वाहन कोणते? आमच्या वडिलांचेच! पाळी सुटण्याच्या वेळी कारखान्याच्या फाटकातून शेकडो सायकलींचा लोंढा बाहेर पडे, तो पाहत आम्ही मोठे झालो होतो. सायकल म्हणजे डबा, घाम आणि महिनाअखेर हे समीकरण आमच्या डोक्यात पक्के होते. फेण्याने त्याच वस्तूला पराक्रमाचे वाहन केले.

आणखी एक गोष्ट तेव्हा कळली नव्हती, आता कळते. फेणे हा गावाहून शहरात शिकायला आलेला मुलगा आहे. तो पूर्ण शहरी नाही आणि गावात त्याचे रोजचे जगणे उरलेले नाही. पुण्यात तो फुरसुंगीचा, फुरसुंगीत तो पुण्याच्या शाळेतला. ही दोन डगरींवर पाय ठेवून उभे राहण्याची कसरत क्वार्टर्समधल्या प्रत्येक मुलाला ठाऊक होती. फरक एवढाच की आम्हाला तिची लाज वाटे आणि त्याला वाटत नसे. आपण कोठले, हे तो बेधडक सांगे. भागवतांनी हे मुद्दाम योजले असेल असा माझा दावा नाही. चांगल्या बालवाङ्मयात अशा गोष्टी लेखकाच्या बोटांतून आपसूक उतरतात.

एवढे प्रेमाने म्हटल्यावर थोडे परखडही बोलले पाहिजे. ‘आमच्या वेळच्या मालिका किती दर्जेदार’ हे आपले पालुपद मला अलीकडे पटेनासे झाले आहे. त्या काळात एकच वाहिनी होती. निवडीला जागाच नव्हती. भुकेल्याला कोंडाही गोड लागतो. जे होते ते आम्ही डोळे भरून पाहिले आणि पुढे त्यालाच श्रेष्ठ ठरवले. ‘व्यत्ययाबद्दल क्षमस्व’ ही पाटीसुद्धा आता लोकांना काव्यमय वाटते! पाहत होतो तेव्हा ती लागली की आम्ही कपाळावर हात मारून घेत होतो.

मालिकेची म्हणून एक मूळ अडचणही होती, आणि ती कोणत्याही दिग्दर्शकाला टाळता आली नसती. भागवतांच्या पुस्तकातील खरी गंमत कथानकात निम्मीच असते. उरलेली निम्मी सांगणाऱ्याच्या आवाजात असते. तो निवेदक वाचकाशी सलगीने बोलतो, मध्येच फेण्याची फिरकी घेतो, शब्दांच्या कोलांट्या उड्या मारतो. कॅमेऱ्याला फेणे दिसतो, पण फेण्याकडे मिश्किलपणे पाहणारा तो म्हातारा दिसत नाही. आणि ‘ट्टॉक’चे पाहा. कागदावर तो दोन-तीन अक्षरांचा खेळ आहे. प्रत्येक मुलाने तो आपल्या जिभेने सोडवायचा. दादाचा ट्टॉक कडक होता, समोरच्या मुलाचा ओला, माझा तर कित्येक महिने जमतच नव्हता. पडद्यावर एकदा तो आवाज ऐकू आला की तोच प्रमाण ठरतो आणि बाकीचे चुकीचे. पुस्तक आधी वाचलेली मुले मालिकेवर थोडी रुसली असतील तर ती अशा कारणांनी. आम्ही मात्र उलट्या दिशेने गेलो. मालिका संपली तेव्हा तिची पोकळी भरायला आम्ही पुस्तके शोधली. वाचनालयातून ती आळीपाळीने आणली, एकेक प्रत पानांचे कोपरे झिजेपर्यंत फिरवली. पुढील आयुष्यात मी जी काही मराठी वाचक झाले तिचा आरंभ त्या पोकळीत आहे. मालिका आणखी दोन वर्षे चालली असती तर कदाचित आम्ही पुस्तकांकडे वळलोही नसतो!

थोड्या काळात संपलेल्या मालिकांचे असेच असते. ‘रामायण’ सगळ्यांना सारखेच आठवते, कारण ते पुन्हा पुन्हा दाखवले गेले. २०२०च्या टाळेबंदीत तर नातवंडांनीही पाहिले. उलट दूरदर्शनच्या जुन्या काळातील कितीतरी कार्यक्रमांच्या चित्रफिती पुसून त्यांवर दुसरे कार्यक्रम ध्वनिमुद्रित केले गेले. जे पुन्हा पाहता येत नाही त्याला स्मृती स्वतःच्या हाताने डागडुजी करते. एक तुकडा पुस्तकातला, एक मुखपृष्ठावरच्या चित्रातला, एक खेळातला. काही वर्षांनी कोणता दगड मूळचा आणि कोणता मागाहून बसवलेला हे घराच्या मालकालाही सांगता येत नाही.

मला याचा अनुभव त्याच रात्री आला. माझ्या मनात त्या मालिकेचे एक दृश्य वर्षानुवर्षे घर करून होते. नदीकडे उतरणारा कच्चा रस्ता, उतारावरून सुसाट येणारी सायकल, ब्रेक निकामी, खाली पाणी, आणि शेवटच्या क्षणी स्वार सायकल बाभळीच्या कुंपणात घुसवतो. काटे, धूळ, आणि मग हसत बाहेर आलेला तो चेहरा. मी हे दृश्य माझ्या विद्यार्थ्यांना सांगितले आहे, सासरच्या मंडळींना सांगितले आहे. नाताळच्या रात्री दादाला सांगितले तेव्हा तो माझ्याकडे पाहतच राहिला.

“ते मालिकेत नव्हतं,” तो म्हणाला. “ती तू होतीस.”

मी हसले. त्याने माझी डावी बाही वर सरकवली आणि कोपरावरचा वण दाखवला. तो वण लहानपणीचा आहे एवढेच मला ठाऊक होते. पवनेच्या काठी, कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी, वडिलांची चोवीस इंची सायकल मी दांडीखालून पाय घालून चालवत होते. खाली पोहोचले तेव्हा मुलगे टाळ्या वाजवत होते, आणि आईने रात्री हळद लावताना दोन धपाटेही घातले होते. दादाला सारे तपशीलवार आठवत होते. मला त्यातले माझे काहीच आठवत नव्हते. आठवत होता तो फेणे.

माझ्या सगळ्या टीकेपेक्षा ही गोष्ट मला अधिक विचारात पाडते. आमच्या खेळात फेणे होण्याचा मान मुलग्यांचा असे. मी पहारेकरी होत असे, कधी चोर, बहुतेकदा ‘जा, बघून ये’ म्हणून पाठवलेली निरोपी. भागवतांच्या कथांत मुलींना फार थोडी जागा आहे, हे मान्य करायला हवे. त्या काळातील मुलांच्या साहसकथांचे हे सर्वसाधारण रूप होते आणि त्याबद्दल एकट्या भागवतांना बोल लावणे योग्य होणार नाही. तरीही तुलना मनात येतेच. ब्लायटनच्या पाच जणांत निदान एक जॉर्ज होती. केस कापून घेतलेली, मुलगी म्हटले की चिडणारी. तिलाही साहस करण्यासाठी मुलगा असल्यासारखे वागावे लागे हे खरे, पण ती होती. मराठीत मला अशी कोणी सापडली नाही, म्हणून मी केलेला पराक्रम माझ्या मनाने एका मुलाच्या नावावर चढवून टाकला. इतक्या सफाईने, की चाळीस वर्षे मला त्याचा पत्ता नव्हता. सुमीत राघवनचा यात काडीचा दोष नाही. त्याचा चेहरा इतका मोकळा, इतका कोणाचाही भाऊ शोभेल असा होता, की मी माझी सायकल त्याच्या हाती दिली.

२०१७ साली ‘फास्टर फेणे’ चित्रपट आला. आदित्य सरपोतदार यांनी दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटात अमेय वाघ फेणे झाला आहे. मी तो दोनदा पाहिला. चित्रपट म्हणून तो चांगलाच बांधीव आहे. वैद्यकीय प्रवेशपरीक्षेतील गैरव्यवहाराभोवती गुंफलेले कथानक आजच्या पालकांच्या काळजाला हात घालणारे आहे, आणि गिरीश कुलकर्णी यांचा खलनायक अंगावर येतो. विशेष म्हणजे मालिकेत जे साधणे कठीण होते ते येथे एका युक्तीने साधले आहे : खुद्द भा. रा. भागवत हेच एक पात्र झाले आहेत आणि ती भूमिका दिलीप प्रभावळकरांनी केली आहे. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस दूरदर्शनवर चिमणराव झालेला हा नट भागवत म्हणून पडद्यावर आला तेव्हा चित्रपटगृहात माझ्या वयाच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांत मीही होते.

पण आजूबाजूला पाहिले तर मुले फारशी नव्हती. चित्रपटातला फेणे तरुण झाला होता, कारण त्याचे वाचक मोठे झाले होते. खून, टोळी, सूड हे सारे आले, आणि दहा-बारा वर्षांच्या मुलाने सायकलवरून उलगडावे असे कोडे गेले. हा चित्रपट आम्ही आमच्याच बालपणाला दिलेली भेट होती. बालकांचा नायक हळूहळू प्रौढांच्या स्मरणरंजनाची मालमत्ता होतो, आणि खरी बालके दाराबाहेर उभी राहतात, ही माझी त्या चित्रपटाबद्दलची एकमेव पण मोठी तक्रार आहे.

आजच्या मुलांना फुरसुंगी कशासाठी ठाऊक आहे? पुण्याच्या कचऱ्यासाठी! उरुळी देवाची आणि फुरसुंगी येथील कचरा डेपो, त्याविरुद्ध ग्रामस्थांनी वारंवार केलेली आंदोलने, रोखून धरलेल्या गाड्या. गेली कित्येक वर्षे हे गाव वर्तमानपत्रात आले ते याच बातम्यांत. २०१७ साली, म्हणजे चित्रपट आला त्याच वर्षी, ही गावे पुणे महानगरपालिकेत गेली, आणि पुढे त्यांची वेगळी नगरपरिषद झाली. आमच्याकडचे मोशी याहून निराळे नाही. पिंपरी-चिंचवडचा कचरा तेथे जातो. मोशीच्या पुढे चाकण. तेथे आज जगभरच्या मोटारी तयार होतात, आणि १६६० साली शाएस्तेखानाच्या प्रचंड फौजेपुढे फिरंगोजी नरसाळ्याने जवळजवळ दोन महिने झुंजवलेला संग्रामदुर्ग ट्रकांच्या रांगांपलीकडे आपल्या उरल्यासुरल्या तटासह उभा आहे. चाकणच्या कारखान्यांत आता ओडिशा, बिहार, उत्तर प्रदेशातून आलेले कामगार आहेत. त्यांची मुले मराठी शाळांत बसतात. “कुठला रे तू?” या प्रश्नाला ती अडखळत असतील, मी शिक्षिका म्हणून ते अडखळणे ओळखते.

नाताळनंतरच्या आठवड्यात मी दादाच्या मुलीला ‘फुरसुंगीचा फास्टर फेणे’ नेऊन दिले. तिने ते दोन दिवसांत संपवले आणि मला दूरध्वनी करून दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, की ट्टॉक तिला जमला; तो तिने मला करूनही दाखवला, आणि खरे सांगायचे तर तो दादाच्यापेक्षा सरस होता. दुसरी, की पुस्तक चांगले आहे पण मध्ये मध्ये मागचे आहे.

मग जरा थांबून तिने विचारले, “आत्या, तो नदीकडचा उतार अजून आहे का?”

उतार आहे. त्यावर आता सिमेंटचा रस्ता झाला आहे, बाभळी गेल्या आहेत आणि पूररेषेची पाटी लागली आहे. येत्या रविवारी मिस्सा झाल्यावर आम्ही दोघी तेथे जाणार आहोत. तिच्या सायकलचे ब्रेक दादाने आधी तपासून ठेवायचे कबूल केले आहे.